डोंगल कपाटात, कारखाना कुलपात

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिनशॉपमध्ये मी हिशेब बघते. पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), जीएसटी, बँकेची कामं, सगळं एकाच टेबलावर. ट्रकचे सुटे भाग जॉबवर्कवर बनवायचं आमचं काम. २०२० साली पटावर ३८ जण होते आणि ठेकेदाराकडून आलेल्या दोन बायका वेगळ्या. टाळेबंदीत सरकारनं कामगारांसाठी घाईघाईनं जे नियम बदलले, त्यांतला पीएफच्या आगाऊ रकमेचा नियम थेट माझ्या टेबलावर आला. पुढची जवळपास दोन वर्षं तो आणि त्याच्यामागून आलेले इतर नियम मी माणसांपर्यंत पोचवत होते. कुठं काय अडलं आणि कसं सुटलं, ते इथं लिहिते आहे.

२३ मार्चला इस्लामपुरात एकाच घरातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि जिल्ह्याचा नूरच बदलला. आठवड्याच्या आत आकडा वीसच्या वर गेला. आमच्या मालकांनी २३ तारखेलाच शटर ओढलं होतं. मार्चचा पगार त्यांनी पूर्ण केला. एप्रिलचं काय, हा प्रश्न फोनवर रोज यायला लागला. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की बंदच्या काळातही पगार कापायचा नाही. मालकांनी तो आदेश मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, कंपनीकडून आपली बिलं आलीत का बघा." बिलं आली नव्हती. ज्या कंपनीला आम्ही माल देतो, तीच बंद होती. एप्रिलचा पगार निम्मा झाला. तो आदेश १७ मेच्या नव्या आदेशानं गळून पडला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं मालक-कामगारांनी आपसात बसून मार्ग काढावा, तोवर मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असं सांगितलं. आमच्याकडे तसं बसायला कुणी आलंच नाही. उरलेल्या निम्म्या पगाराचा विषय तिथंच राहिला आणि कामगारांनीही तो परत काढला नाही. आदेश कागदावर कितीही ठाम असला तरी तो मोडल्यावर हेल्परनं जायचं कुठं, याचं उत्तर त्यात नव्हतं. हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं.

पीएफचं तसं नव्हतं. २८ मार्चला भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मध्ये दुरुस्तीची अधिसूचना निघाली. महामारीच्या कारणानं तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीच्या ७५ टक्के, यांत जे कमी असेल ते काढता येईल. परत भरायचं नाही. मालकाचा दाखला नको, आजारपणाचं सर्टिफिकेट नको, घरबसल्या अर्ज. वाचून मी सुटकेचा श्वास सोडला आणि कामगारांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दहा मिनिटांत फोन सुरू झाले.

पहिला गोंधळ रकमेचा. पासबुकात तीन रकाने असतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शन. मालक १२ टक्के भरतो, पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात आणि ३.६७ टक्केच पीएफमध्ये पडतात. पेन्शनच्या रकान्यातल्या पैशाला या कारणासाठी हात लावता येत नव्हता. पोरं तिन्ही रकान्यांची बेरीज करून मला आकडा सांगायची आणि मग फोनवर समजूत घालण्यात वेळ जायचा. एका हेल्परचा मूळ पगार आणि भत्ता मिळून १०,४०० होता. तीन महिन्यांचे ३१,२०० झाले. त्याची शिल्लक ४६,००० होती, तिचे ७५ टक्के म्हणजे ३४,५००. कमी ते ३१,२००, तेवढे त्याला मिळाले. त्याच्याच शेजारच्या मशिनवरच्या, सव्वा वर्षापूर्वी लागलेल्या पोराची शिल्लक २२,००० होती. त्याला १६,५०० मिळाले. ज्याची नोकरी नवी, त्याची गरज जास्त आणि रक्कम कमी.

मला सारखं वाटत होतं ते असं की हे पैसे त्यांचेच होते. म्हातारपणासाठी बाजूला टाकलेले, त्या वर्षी साडेआठ टक्क्यांनी वाढणारे. सरकारनं दार उघडून दिलं हे खरं आणि त्या एप्रिलमध्ये ते दार फार मोलाचं होतं. पण मदत म्हणून बातम्यांत जे आकडे सांगितले जात होते, त्यांत हे पैसे धरलेले बघून वाईट वाटायचं. आमचे फोरमन अण्णा, बावीस वर्षांचे जुने, त्यांनी तर अर्ज करायलाच नकार दिला. म्हणाले, "मॅडम, त्याला हात लावू नगा. पोरीच्या लग्नाचं हाय ते."

ज्यांची केवायसी, म्हणजे आधार आणि बँक खात्याची पडताळणी, आधीच पूर्ण होती त्यांचं काम खरोखर झटपट झालं. पोर्टलवर यूएएन (पीएफ खातेदाराचा कायमचा नंबर) आणि पासवर्ड टाकायचा, बँक खात्याचा नंबर टाकून पडताळायचा, फॉर्म ३१ (आगाऊ रकमेचा अर्ज) निवडायचा, कारणांच्या यादीत महामारी निवडायची, रक्कम लिहायची, चेकचा किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो चढवायचा आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. सीएनसी मशिनवरच्या एका पोराच्या खात्यात तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाले. त्यानं ग्रुपवर मेसेजचा फोटो टाकला आणि सगळ्यांना हुरूप आला.

पण अशी केवायसी निम्म्यांचीसुद्धा नव्हती.

काहींच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडला होता. ओटीपी त्या मेलेल्या नंबरवर जायचा. नंबर बदलायचा तर तेव्हा आधार केंद्रात बोट टेकवायला जावं लागायचं आणि केंद्रं बंद. या माणसांना थांबण्यावाचून इलाज नव्हता. त्यांच्यासाठी सरकारनं कितीही चांगला नियम केला असता तरी तो त्या सहा आकड्यांपाशी अडला असता. फोटोंची वेगळीच तऱ्हा. पोर्टलला तेव्हा फोटो १०० केबीपेक्षा मोठा आणि ५०० केबीपेक्षा लहान लागायचा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबला जाऊन ऐंशी-नव्वद केबीचा व्हायचा, पोर्टल तो घ्यायचं नाही. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, हे वाक्य मी त्या महिन्यात किती जणांना सांगितलं असेल! शिवाय अनेकांची खाती सहकारी बँकांत. पासबुकावर नाव हातानं लिहिलेलं, शाई फुटलेली. काहींची पासबुकं आदल्या वर्षीच्या, २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात भिजून गेली होती. सांगलीवाडीच्या एकानं पाठवलेल्या पानावर पाण्याची रेघ अगदी खाते क्रमांकावरून गेली होती. नाव स्पष्ट दिसत नाही, असा शेरा मारून अर्ज परत यायचा. मग मी बँकेच्या शाखेत फोन करून नवं पासबुक छापून द्यायला सांगायची आणि तो माणूस सकाळी बँकेबाहेर आखलेल्या पांढऱ्या चौकोनांत उभा राहायचा.

जन्मतारखांचा घोळ तर आपल्याकडे पिढीजात आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जून लिहिलेला असतो आणि आधार काढताना फक्त साल सांगितलं की तिथं एक जानेवारी पडतो. आमच्या टर्नरची पीएफमध्ये तारीख १ जून १९७८ आणि आधारवर १ जानेवारी १९८०. पूर्वी असा दीड वर्षाचा फरक दुरुस्त करायला कागदांची चळत लागायची. ३ एप्रिलला पीएफच्या मुख्य कार्यालयानं परिपत्रक काढलं की फरक तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर आधार हाच पुरावा धरायचा. ते परिपत्रक मी छापून आजही टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. महामारीच्या धबडग्यात कुणीतरी बसून हा विचार केला की कामगार अडतो तो नेमका कुठं. त्या अधिकाऱ्याला मी ओळखत नाही, पण त्यानं टर्नरचं घर चालवलं.

आता मुख्य अडचण. अर्जाला मालकाची सही लागत नाही हे खरं. पण बँक खातं नव्यानं जोडलं किंवा बदललं, तर त्याला तेव्हा मालकाची डिजिटल मंजुरी लागायची. जन्मतारखेची दुरुस्तीही मालकामार्फतच पुढं जायची. ती सही म्हणजे पेन ड्राइव्हसारखा छोटा डोंगल. तो ऑफिसच्या लोखंडी कपाटात, ऑफिस कारखान्यात, कारखाना कुलपात. आणि एमआयडीसीत जायला पास.

पास मिळायला वेळ लागला. पगाराच्या कामासाठी जायचंय, असं कारण लिहिलेला पहिला अर्ज नामंजूर झाला. अत्यावश्यक सेवेत ते बसत नव्हतं. शेवटी मालकांनी रखवाली आणि यंत्रांची देखभाल या कारणाखाली स्वतःचा आणि माझा पास काढला. माधवनगरहून स्कुटीवर मी निघाले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाक्यावर पोलिसानं पास बघितला आणि विचारलं, "एवढ्या उन्हाचं काय काम काढलं ताई?" मी म्हटलं, पोरांचे पीएफचे पैसे काढायचेत. त्यानं पास परत दिला आणि म्हणाला, "आमच्या मेव्हण्याचं बी अडकलंय, फॉर्म कुठला असतो?" भर उन्हात, सहा फुटांवरून मी त्याला फॉर्म ३१ चं सांगितलं.

ऑफिसात कॉम्प्युटर सुरू केला तर तो आधी अर्धा तास अपडेटच घेत बसला. ब्रॉडबँडचं बिल थकल्यानं कनेक्शन बंद. मालकांच्या मोबाइलचं नेट जोडलं. डोंगल लावला, तर पोर्टलला तो दिसेना. त्यासाठी लागणारं जावा सॉफ्टवेअर जुनं. जावा नवं टाकलं, तर ब्राउझर त्याला अडवतोय. मालक शेजारी उभे, तोंडावर रुमाल, आणि दर पाच मिनिटांनी विचारताहेत, "झालं का?" दुपार कलताना एकदाची पडद्यावर चौकट उघडली आणि त्यात आमच्या सर्टिफिकेटचं नाव दिसलं. मंजुरीसाठी थांबलेल्यांची यादी समोर आली. सोळा नावं. एकेका नावापुढं खूण करायची, खाते क्रमांक पासबुकाच्या फोटोशी ताडून बघायचा, मंजूर दाबायचं, डोंगलचा पासवर्ड टाकायचा. मालक मोठ्यानं एकेक नंबर वाचत होते आणि मी टिकमार्क करत होते. सोळावं नाव झालं तेव्हा बाहेर अंधारलं होतं. निघताना मालकांनी डोंगल कपाटात न ठेवता माझ्या हातात दिला. तो मी घरी देव्हाऱ्याच्या खणात ठेवला आणि पुढची मंजुरी घरच्या लॅपटॉपवरून दिली.

मेअखेरपर्यंत बहुतेकांचे पैसे आले. त्यातून काय झालं ते मला थोडंफार ठाऊक आहे: घरभाडं, किराणा दुकानाची उधारी, एकाच्या बायकोचं बाळंतपण, एकानं गावाकडं जाऊन म्हैस घेतली.

त्याच सुमारास दुसरी एक सवलत हातून निसटली. गरीब कल्याण योजनेत शंभरपर्यंत कामगारांच्या कारखान्यांचा, कामगार आणि मालक दोघांचाही, मिळून २४ टक्के पीएफ सरकार भरणार होतं. अट अशी की ९० टक्के कामगारांचा पगार १५,००० च्या खाली हवा. ३८ पैकी निदान ३५ हवे होते. आमचे ३२ होते. सहा कुशल पोरांना चांगला पगार दिला म्हणून बाकीच्या बत्तीस जणांची सवलत गेली. खरं तर कामगारागणिक बघून देता आलं असतं. कारखान्यागणिक टक्केवारी लावायची गरज काय होती, हे मला अजून समजलेलं नाही.

आणि ठेकेदाराच्या त्या दोन बायका. पॅकिंग आणि झाडलोट करायच्या. त्यांचं पीएफमध्ये नावच नव्हतं, त्यामुळे वरच्या सगळ्या खटाटोपात त्या कुठंच नव्हत्या. ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं होतं. एकीचं जनधन खातं होतं. महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून असे महिन्याला ५०० रुपये येणार होते. बँकेत गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून वार ठरवले होते, ३ एप्रिलपासून सुरुवात. तिचा शेवटचा आकडा नऊ, म्हणजे सगळ्यांत शेवटी. दुसरीचं खातं साधं बचत खातं होतं, तिला काहीच नाही. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला, पण तो अंत्योदय आणि प्राधान्य कार्डावर. दुसरीचं कार्ड केशरी. तिला राज्य सरकारनं मे-जूनमध्ये आठ रुपये किलोनं तीन किलो गहू आणि बारा रुपयांनी दोन किलो तांदूळ माणशी दिला. ती मला म्हणाली, "ताई, माझा नवरा दारू पिऊन मेला तवा कार्ड दुरुस्त करायचं राहिलं. पगार त्याचा लिवलाय अजून." गेलेल्या माणसाच्या उत्पन्नावरून तिचं कार्ड केशरी होतं.

ऑक्टोबरपासून कामं परत आली. नोव्हेंबरमध्ये आत्मनिर्भर भारत रोजगार योजना जाहीर झाली. नव्यानं पीएफमध्ये आणलेल्या, १५,००० च्या खाली पगार असलेल्या कामगाराचे दोन्ही हिस्से दोन वर्षं सरकार भरणार. पन्नासपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यानं किमान दोन नवे घ्यायला हवेत. मी ते मालकांपुढं ठेवलं आणि म्हटलं, या दोघींना ठेकेदाराकडून काढून आपल्या पटावर घ्या, दोन वर्षं तुम्हाला पीएफचा एक रुपया पडणार नाही. ते तयार झाले. पहिलीचं नाव सरळ चढलं. दुसरीचा आधार टाकला तर पोर्टल म्हणालं, या आधारावर यूएएन आधीच आहे. कुठल्यातरी जुन्या ठेकेदारानं काही वर्षांपूर्वी तिचं खातं काढून चार महिने पैसे भरले होते आणि पुढं सोडून दिलं होतं. तिला याचा पत्ताच नव्हता. जुना यूएएन असलेल्याला ही सवलत घ्यायची तर टाळेबंदीच्या काळात, मार्च ते सप्टेंबर २०२० मध्ये, नोकरी गेलेली असायला हवी. तिची नोंदीतली नोकरी कितीतरी आधी संपलेली. म्हणजे ती नवी नाही, आणि ती नवी नाही म्हणून आमचे दोन भरत नाहीत, आणि दोन भरत नाहीत म्हणून पहिलीचीही सवलत नाही.

मी हे सांगायला गेले तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता. मालक बराच वेळ पगारपत्रक बघत बसले. मग म्हणाले, "घ्या दोघींना. आपण भरू." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे मानावेत तेवढे आभार थोडे आहेत.

दुसरी लाट आली ती २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये. मे महिन्यात अण्णा गेले. मिरजेच्या एका खासगी दवाखान्यात, ऑक्सिजनवर होते. वय बावन्न.

अण्णांचा पगार २१,००० च्या वर होता, त्यामुळे ते ईएसआयच्या बाहेर. कोविडनं गेलेल्या विमाधारकाच्या घरच्यांना ईएसआयनं जे निवृत्तिवेतन सुरू केलं, ते त्यांना लागू नव्हतं. पण पीएफला जोडलेला एक विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, कामगाराच्या पगारातून काहीच जात नाही, म्हणून बहुतेक कामगारांना तो माहीतही नसतो. नोकरीत असताना कामगार वारला, मग कारण काहीही असो, वारसांना रक्कम मिळते. २८ एप्रिल २०२१ ला, म्हणजे अण्णा जाण्याच्या थोडं आधी, सरकारनं तिची कमाल मर्यादा सहा लाखांवरून सात लाख केली आणि किमान अडीच लाख ठेवली. हिशेब असा: १५,००० पर्यंतच्या सरासरी पगाराची पस्तीस पट, म्हणजे ५,२५,०००, अधिक शिलकीच्या निम्मे, जास्तीत जास्त १,७५,०००. अण्णांनी पीएफला हात लावला नव्हता. त्यांची शिल्लक भरपूर होती. पूर्ण सात लाख बसत होते.

नॉमिनेशन मात्र त्यांच्या आईच्या नावावर होतं आणि आई २०१४ सालीच गेलेली. नॉमिनी हयात नसेल तर पीएफ कुटुंबात समान वाटला जातो, पण सज्ञान मुलगा त्यात येत नाही. अण्णांचा मुलगा वीस वर्षांचा, मुलगी अविवाहित. म्हणजे अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, आणि मुलगी, दोघी वाटेकरी. पेन्शनमध्ये मात्र मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत हक्क आहे. एकाच घरात, एकाच माणसामागं, दोन कायदे मुलाला दोन तऱ्हांनी बघतात. हे काकूंना समजावताना मी कागदावर चौकोन काढले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "त्यास्नी माहीत हुतं का ओ, असला इमा असतोय त्ये?" नव्हतं. मी कधी सांगायचं कारणच पडलं नव्हतं.

ऑनलाइन नॉमिनेशन नसल्यानं दावा कागदावर करावा लागला. मृत्यूनंतरचा एकत्रित फॉर्म, त्यातच पीएफ, विमा आणि पेन्शन तिन्ही. मृत्यूचा दाखला, वारसांचे आधार, बँकेचे चेक, मुलांच्या वयाचे पुरावे, फोटो. फाइल पूर्ण होत आली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कृष्णा परत चढली. सांगलीवाडीत पाणी शिरलं, काकू आणि मुलं नातेवाइकांकडं गेली. २०१९ चा अनुभव होता, म्हणून मुलानं सगळे मूळ कागद दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधीच माझ्याकडं आणून दिले होते. त्या पोराची समज बघून मला भरून आलं. घर पाण्यात गेलं, फाइल कोरडी राहिली. ऑगस्टमध्ये दावा दाखल झाला. एकदा मुलीच्या नावातल्या स्पेलिंगवरून परत आला. मग विमा आणि पीएफ जमा झाले आणि पेन्शन त्याच्या मागून सुरू झालं.

५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीनं जास्त थकवलं. सर्वोच्च न्यायालयानं ३० जून २०२१ ला सांगितलं की कोविडनं गेलेल्यांच्या कुटुंबांना किमान मदत द्यावीच लागेल. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं रक्कम ठरवली, ४ ऑक्टोबरला न्यायालयानं ती मान्य केली, २६ नोव्हेंबरला महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला आणि डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. काकूंचा अर्ज मी भरला. तो नामंजूर झाला. कारण अण्णांची आरटीपीसीआर निगेटिव्ह होती आणि दाखल्यावर दवाखान्यानं न्यूमोनिया लिहिलं होतं. सीटी स्कॅनमध्ये कोविडच स्पष्ट होता, औषधं कोविडची, वॉर्ड कोविडचा, अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांनी पीपीई किट घालून केले. घरच्यांना तोंडसुद्धा बघू दिलं नव्हतं. आणि आता कागद म्हणत होता, कोविड नव्हता.

दवाखान्यात मी दाखला दुरुस्त करून मागायला गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसानं, डॉक्टर नाहीत, नंतर या, असं सांगितलं. हे पुन्हा पुन्हा झालं. मग मी मार्गदर्शक सूचनाच छापून नेल्या. त्यांत साफ लिहिलंय की चाचणी पॉझिटिव्ह असेल किंवा दवाखान्यात लक्षणं आणि तपासण्यांवरून कोविडचं निदान झालेलं असेल, तरी तो मृत्यू कोविडचा धरायचा. दाखल्यावर कोविड हा शब्द नाही एवढ्या कारणावरून मदत नाकारायची नाही, असंही न्यायालयानं म्हटलेलं. शिवाय जिल्ह्यात तक्रार निवारण समिती होती, तिच्याकडं अपील करता येत होतं. आम्ही अपील केलं. सोबत सीटीचा रिपोर्ट, औषधांची बिलं, दवाखान्याच्या केसपेपरची प्रत. केसपेपर मिळवण्यासाठी मुलगा तिथं पूर्ण दिवस बसून राहिला, प्रत घेऊनच उठला.

समितीनं मृत्यू कोविडचा मान्य केला आणि काकूंच्या खात्यात ५०,००० जमा झाले. रक्कम सात लाखांच्या पुढं लहान होती, पण काकूंना त्या निर्णयाचं जास्त वाटलं. अण्णा कशानं गेले हे सरकारी कागदावर बरोबर लिहिलं गेलं, म्हणून.

आमच्याकडं आता नवा माणूस लागला की पहिल्याच दिवशी त्याचं आधार, मोबाइल, जन्मतारीख आणि नॉमिनेशन मी समोर बसवून तपासते. लग्न झालं, मूल झालं, घरातलं कुणी गेलं की नॉमिनेशन परत बघायला लावते. काही जण कंटाळतात. गेल्या आठवड्यात पॅकिंगच्या दुसऱ्या ताईंचं झालं. जुन्या ठेकेदारानं भरलेल्या चार महिन्यांची रक्कम त्यांच्या आत्ताच्या खात्यात वर्ग व्हायची अजून राहिली आहे, कारण त्यानं नोकरी सोडल्याची तारीखच टाकलेली नाही. तो धंदा गुंडाळून गेलाय. ती तारीख आता त्यांनी स्वतः पोर्टलवर भरायची आहे, ओटीपीसाठी सोमवारी मुलाचा फोन घेऊन येते म्हणाल्यात.